झुलीखालचा उंट

पेंटरचाचा कुठलंही जनावर पाठीकडून पाहायचे. बैल घ्यायला आलेला माणूस दात पाहतो, खूर पाहतो, शेपटीचा गोंडा पाहतो. चाचांची नजर आधी वशिंडावर जायची आणि तिथंच मुक्काम करायची. बैलबाजारात एखाद्या खोंडापाशी ते इतका वेळ उभे राहायचे की मालकाला वाटायचं, गिऱ्हाईक पक्कं झालं. तो खोंडाचे गुण सांगायला लागला की चाचा खिशातून पेन्सिलीचा तुकडा काढून म्हणायचे, "मला घरी न्यायचा न्हाई भाऊ, भिंतीवर न्यायचाय. जरा हालू देऊ नका."

ते जुन्नरचे. आजोबा टांगे रंगवायचे, वडील ट्रक आणि दुकानांच्या पाट्या, आणि चाचांच्या वाट्याला शाळा आल्या. आमच्याकडं प्राथमिक शाळांच्या भिंती बोलक्या करायची टूम निघाली होती. मुळाक्षरं, पाढे, फळं, फुलं, प्राणी सगळं भिंतीवर. पोरानं कुठंही तोंड केलं तरी त्याला काहीतरी शिकवून सोडायचंच, असा सगळ्यांचा निर्धार. जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतल्या कितीतरी भिंतींना चाचांनी असं बोलतं केलं. मोपेडच्या पुढ्यात रंगाचे डबे, मागं बांबूची शिडी, आणि टोपीवर वेगवेगळ्या गावांच्या रंगांचे शिंतोडे. डाव्या कानावरचा हिरवा शिंतोडा कुठल्या शाळेतला, हेसुद्धा ते सांगू शकायचे.

त्यांचा एक नियम होता. पाहिल्याशिवाय काढायचं नाही. पुस्तकातलं चित्र चालायचं नाही, फोटो तर नाहीच. आगगाडी काढायची म्हणून ते पुण्याला जाऊन दिवसभर फलाटावर बसून आले. बिबट्यासाठी त्यांना कुठं जावं लागलं नाही, आमच्या भागात बिबट्या स्वतःच भेटायला येतो. आळे गावच्या उसाच्या कडेला सकाळी सकाळी त्यांची गाठ पडली. दुसरा कुणी असता तर मोपेड टाकून पळाला असता. चाचा नंतर मला म्हणाले की तो माझ्याकडं बघत होता आणि मी त्याच्या ठिपक्यांकडं. ठिपका भरीव नसतो बाई, मधून मोकळा असतो, लोक उगाच भरून टाकतात. डिंगोऱ्याच्या शाळेत त्यांनी निळा चौकोन रंगवला, खाली ठळक अक्षरात 'देवमासा' लिहिलं आणि आत काहीच काढलं नाही. गुरुजींनी विचारलं, मासा कुठंय? चाचा म्हणाले, पाण्याखाली असेल, मला अजून दिसला नाही. पुढं बरीच वर्षं तिथली पोरं त्या चौकोनासमोर उभी राहून मासा वर यायची वाट पाहत असत, असं तिथले गुरुजी शपथेवर सांगतात.

भिंत पुरी झाली की कोपऱ्यात पेंटर मंडळी नाव आणि मोबाइल नंबर टाकतात. चाचा दोनच शब्द लिहायचे : 'पाहून काढले'.

आणि अशा माणसाचा उंट चुकला.

तो कसा चुकला हे त्यांनी मला पुढं स्वतः सांगितलं, जराही न लाजता. तरुणपणी नारायणगावच्या यात्रेत एक उंटवाला आला होता. उंट नटवलेला. पाठीवर लाकडी खोगीर, त्यावर पायापर्यंत लोंबणारी लाल झूल. खोगिराचं लाकूड पुढं एकदा उंच उठलेलं, मागं एकदा उंच उठलेलं आणि मधे पोरांना बसायला खळगा. चाचांनी दोन तास निरखून पाहिला. दोन उंचवटे दिसले, मधला खळगा दिसला. झुलीखाली लाकूड आहे आणि त्या लाकडाखाली एकच वशिंड दडलंय, हे त्यांच्या डोक्यात आलं नाही. शिवाय त्यांचा हिशेब सरळ होता : माणूस बसणार कुठं? दोन वशिंडांच्या मधेच की. देवानं सोय करून ठेवली आहे. त्या दिवसापासून शाळाशाळांतून दोन वशिंडांचा उंट उभा राहिला, पायाखाली वाळू, मागं खजुराचं झाड, दोर धरून पगडीवाला माणूस. आणि कोपऱ्यात 'पाहून काढले'.

मी मूळची आळ्याची. शिक्षिका म्हणून नेमणूक झाली ती आंबेगावच्या पश्चिमेला, डिंभे धरणाच्या पलीकडच्या एका वाडीत. खाली भाताची खाचरं, वर नाचणी-वरईचे उतार, मधे दोन खोल्यांची शाळा. चाचांच्या आधी मला त्यांचा उंट भेटला. पहिल्याच आठवड्यात मी वर्गात म्हणाले, की राजस्थानातल्या उंटाला एक वशिंड असतं. पोरांनी एकमेकांकडं पाहिलं, मग खिडकीतून अंगणातल्या भिंतीवरच्या उंटाकडं पाहिलं, आणि नव्या बाईंना काही येत नाही असं त्यांचं ठरलं.

एक मात्र खरं, इतका देखणा उंट मी जन्मात पाहिला नव्हता. दोन वशिंडांमधल्या खळग्यात झूल होती, आणि ती झूल बाकी चित्र काढणाऱ्या हातची नव्हती. तांबड्यावर पिवळी वेलबुट्टी, सुईनं भरावी इतकी बारीक, आणि जागोजागी नखाएवढे खरे आरसे, पांढऱ्या सिमेंटात दाबून बसवलेले. सकाळच्या उन्हात त्या आरशांचे कवडसे समोरच्या पडवीत नाचायचे. शाळेत शिरताना मुली त्यात पाहून भांग सारखा करायच्या. वाडीतल्या बायासुद्धा.

मी ह्या शाळेत यायच्या थोडं आधी चाचांना साक्षात्कार झाला होता. आळेफाट्याला रस्त्याच्या कडेला एक उंटवाला थांबला होता. उंटाची पाठ सोलवटली म्हणून त्यानं झूल आणि खोगीर उतरवून औषध लावलं होतं. उघडा उंट. पाठीवर मधोमध एक वशिंड. चाचांनी मोपेड स्टँडला लावली, उंटाला पुढून मागून फिरून पाहिलं, आणि उंटवाल्याला शांतपणे विचारलं, की दुसरं कुठं गेलं?

दुसरा असता तर गप्प बसला असता. पोरं शाळा सोडून जातात, भिंतींचे पोपडे निघतात, उंटाचं कोण विचारतंय. पण चाचांनी दुसऱ्या दिवसापासून दुरुस्ती सुरू केली. कुणी बोलावलं नाही, कुणी सांगितलं नाही. आण्याच्या पठारापासून सुरुवात करून शाळेमागून शाळा. दोन वशिंडांच्या मधला खळगा भरायचा, दोन्ही कडा आभाळाच्या रंगानं तासायच्या, की मधे एक वशिंड तयार. मग मुलांना गोळा करून सांगायचे, की हा उंट मी चुकीचा काढला होता, आता नीट पाहून घ्या. एका गुरुजींनी त्यांना बाजूला घेऊन समजावलं, पोरांपुढं चूक कशाला कबूल करता, मान राहत नाही. चाचा म्हणाले, मान माझी हाय, पाठ उंटाची हाय, त्याची आधी बघू.

आमची शाळा त्यांनी शेवटाला ठेवली. एका दुपारी मी वर्गातून पाहिलं तर एक वयस्क माणूस अंगणात भिंतीसमोर मांडी घालून बसलेला. शेजारी रंगाचा डबा उघडा, हातात ब्रश कोरडा. मी विचारलं तर म्हणाले, उंट दुरुस्त करायला आलोय. शाळा सुटेपर्यंत तसेच बसले, मग डब्याला झाकण लावून निघून गेले. महिन्याभरानं पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला माझं टाळकं फिरलं. मी मुळात तापट, त्यात चौथीची पोरं पाढे म्हणायचं सोडून खिडकीला लटकलेली. मी बाहेर येऊन म्हणाले, "चाचा, एक तर रंग लावा, नाही तर डबा घरी ठेवा. हा काय प्रकार आहे?"

त्यांना राग आला नाही. ते म्हणाले, "खळगा भरला की झूल जाती बाई. झूल आमच्या घरातल्यांची हाय."

मग कळलं. चाची लग्नाच्या ओढण्यांवर कशिदा भरायच्या, आरसे लावायच्या. चाचांच्या कामाला त्या कधी गेल्या नाहीत, फक्त आमच्या वाडीला आल्या, कारण वाडी लांब आणि चाचांच्या अंगात तेव्हा ताप. वाडीतल्या एका घरी आठ दिवस राहिल्या. चाचा उंट काढून आडवे झाले आणि चाचींनी ब्रश उचलला. सुईची सवय असलेल्या हातानं झूल भरली, घरून आणलेले आरसे लावले. पुढच्या वर्षी त्या गेल्या. आयुष्यभर भरलेल्या ओढण्या ज्याच्या त्याच्या घरी गेल्या होत्या, चाचांच्या कपाटात एकही नव्हती. चाचींच्या हातचं म्हणून चाचांना पाहता येईल असं जगात जे काही उरलं होतं ते आमच्या शाळेच्या भिंतीवर, एका चुकीच्या उंटाच्या पाठीवर.

मी त्यांना चहा दिला. दुसरं काय देणार?

असंच चाललं असतं, चाचा येऊन बसले असते, मी चहा दिला असता. पण शाळा तपासायला विस्तार अधिकारी आले. माणूस वाईट नव्हता, कामाचा होता. भिंतीपुढं थांबले आणि म्हणाले, राजस्थानात दोन वशिंडांचा उंट कुठून आला मॅडम? पुढच्या सोमवारी वरून साहेब येणार आहेत, तोवर चित्र बरोबर करा, नाही तर पूर्ण भिंत पांढरी करून टाका. चुकीचं शिकवणारी भिंत असण्यापेक्षा मुकी बरी.

मी फोन करून चाचांना सांगितलं. मला वाटलं होतं, भांडतील. मी भांडायला तयारच होते. चाचांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "साहेब बराबर बोलले. मला झालं न्हाई ते त्यांनी केलं. रविवारी येतो, चुना घेऊन." मी म्हणाले, निदान झुलीचा फोटो काढून ठेवू. तर म्हणाले, फोटोला हिचा हात कुठून आणायचा.

त्या रात्री मी मोबाइलवर उंट शोधत पडले होते. कुठल्या कुठल्या पानांवर 'उंट आणि ड्रोमेडरी यांतला फरक' असं मोठं शीर्षक, आणि खाली वाचावं तर ड्रोमेडरी म्हणजे एका वशिंडाचा उंटच. आणि त्याचाच दुसरा भाऊ, बॅक्ट्रियन, दोन वशिंडांचा, थंड मुलखातला. आपल्याकडं लडाखमधे सापडतो असं वाचलं आणि मी उठूनच बसले. डिंगोऱ्याचा माझा मावसभाऊ फौजेत, लडाखमधे दोन वर्षं काढलेला, आणि त्याच आठवड्यात सुट्टीवर आलेला. सकाळी त्याला फोन केला. तो म्हणाला, "ताई, पाहिला काय विचारती, बसलोय मी त्याच्यावर."

रविवारी चाचा खरंच चुन्याचा डबा घेऊन आले. भाऊ मोटरसायकलवरून आला. त्यानं आल्या आल्या मोबाइल पुढं केला, हा बघा चाचा, फोटो. चाचांनी मोबाइल हातानं बाजूला सारला. मी कपाळावर हात मारून घेतला. सगळं जगतंय वाचतंय असं दिसत असताना हा माणूस नियम काढून बसला. पण मग त्यांनी भावाला समोर बसवलं आणि विचारायला सुरुवात केली. कोर्टातला वकील बरा.

"तुमी सोता पाहिला?"

"पाहिला."

"खोगीर उतरवून?"

मला तेव्हा कळलं की ह्या एका प्रश्नावर सगळं आहे. भावाला काही कळलं नाही, तो आपला सरळ बोलला. "खोगीर नव्हतंच चाचा. मधल्या खळग्यात घोंगडी टाकून बसलो. म्होरं एक वशिंड, मागं एक. म्होरच्याला धरून बसलो व्हतो, पडाया नको म्हणून."

"हाताला कसं लागलं?"

"गच्च. पण चारा कमी पडला की मऊ पडतं. एका उंटाचं तर पार एका अंगाला कललं व्हतं."

चाचा पुढं सरकले. भाऊ राजस्थानातही होता, त्यामुळं त्याला दोन्ही माहीत. राजस्थानचा उंच, पाय लांबलचक, केस तोकडे, उन्हातला गडी. लडाखचा बुटका, दणकट, पाय आखूड, मानेखाली दाढी, पुढच्या मांड्यांवर लोकर. उन्हाळ्यात ती लोकर गळते तेव्हा फाटकी गोधडी पांघरल्यासारखा दिसतो. बसताना? दोघंही आधी पुढचे गुडघे टेकतात. चालताना? दोघंही एका अंगाचे दोन्ही पाय एकदम टाकतात. तळवा? दोघांचाही रुंद, दोन बोटांचा.

"मंग ह्यो उंटच," चाचा म्हणाले.

भाऊ म्हणाला, उंटच की. मी मधेच माझं रात्रीचं ज्ञान पाजळलं, की लोक उंट आणि ड्रोमेडरी यांतला फरक विचारतात. चाचा हसले. म्हशीत आन् मुऱ्हा म्हशीत फरक काय, असं विचारल्यासारखं हाय ते, म्हणाले. मग त्यांनी भिंतीकडं पाहत शेवटचं विचारलं, तिथं वाळू असते का. त्यांचा आवाज जरा बदलला होता. वाळू नसेल तर अख्खं चित्र जात होतं.

"हाय की," भाऊ म्हणाला. "वाळूचे ढीग हायत. आन् त्याच्या मागं लगेच बर्फाचे डोंगर."

वाळू आणि बर्फ एकाच जागी हे चाचांना पटायला वेळ लागला. त्यांनी दोनदा विचारलं. मग उठून भिंतीजवळ गेले, झुलीच्या कडेला बोट लावलं, आणि चुन्याचा डबा उचलून अंगणाच्या पार टोकाला ठेवून आले. म्हणाले, "उंट बराबर व्हता. मुलूख चुकला व्हता."

त्या दिवशी मी त्यांना काम करताना पाहिलं. साठी उलटलेला माणूस शिडीवर पोरासारखा चढत होता. पाय आखूड करायचे तर मी म्हणाले, कापा. ते म्हणाले, पाय कशाला कापायचे, वाळू वर आणू. आणि वाळूचा ढीग वर चढवून त्यांनी उंट बुटका केला. खजुराचं झाड गेलं, तिथं डोंगर आला. बर्फ त्यांनी पाहिलेला नव्हता. दर दोन फटकाऱ्यांनी मान वळवून भावाला विचारत, सावली कसली पडते, काळी का निळी? निळी म्हटल्यावर निळा कालवला. गळ्याखाली दाढी आली, मांड्यांवर लोकर आली, पगडीवाल्याच्या डोक्यावर कानटोपी आणि अंगात जाड कोट. झुलीला ब्रश लागला नाही. तिच्या कडेनं लोकर काढताना चाचा श्वास रोखून धरत होते, ते मला खालून दिसत होतं. मधेच त्यांनी कोपऱ्यातले जुने दोन शब्द पुसले आणि लिहिलं : 'फौजीने पाहिले, मी काढले'. भावाची छाती जी फुगली ती सुट्टी संपेपर्यंत उतरली नाही.

सोमवारी वरचे साहेब आले. विस्तार अधिकाऱ्यांनी भिंत पाहिली, काही बोलणार होते, तेवढ्यात रविवारी अंगणात बसून सगळं ऐकलेल्या दुसरीतल्या एका पोरीनं त्यांना दोन्ही उंटांतला फरक सांगायला घेतला, आणि लोकर कधी गळते इथपर्यंत आली तेव्हा ते हात जोडून पुढच्या खोलीत गेले. भिंत राहिली. अजून आहे.

पण मला चाचा आठवतात ते आदल्या संध्याकाळचे. सूर्य डोंगराआड जायला आला होता, आरशांवर शेवटचं ऊन होतं. ब्रश धुऊन झाले, शिडी बांधून झाली. चाचा दहा पावलं मागं येऊन उभे राहिले आणि भिंतीकडं बघत राहिले. मला वाटलं, खूश आहेत. मीही खूश होते, भांडण न करता जिंकले होते, असं माझ्या बाबतीत फारसं होत नाही.

ते हळूच म्हणाले, "हिला थंडी लई वाजायची बाई. जुन्नरच्या थंडीला दोन गोधड्या लागायच्या. आन् मी हिची झूल नेऊन बर्फात ठिवली."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

चाचा भिंतीजवळ परत गेले. धुतलेला बारीक ब्रश पुन्हा काढला, झाकणावरच थोडा पिवळा घेतला, थोडा तांबडा घेतला, खाली उकिडवे बसले आणि वाळूत, उंटाच्या अगदी पायाशी, एक छोटी शेकोटी काढली. मनासारखी होईपर्यंत जाळ वाढवत राहिले. माझा भाऊ माझ्या शेजारीच उभा होता. त्या मुलखात उंटाच्या इतक्या जवळ कुणी जाळ करतं का, हे चाचांनी त्याला विचारलं नाही.